हातशिलाईच्या बारा पिशव्या

“म्हणजे दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच असायच्या?” चौकशी अधिकारी बाईंनी विचारलं. आवाज चढवून नाही. माप लिहून घेताना आकडा पुन्हा एकदा विचारावा तितक्या सहज. सारिका त्यांचं नाव. तिशीच्या असतील. तळेऱ्याहून पहिल्या गाडीने आल्या होत्या आणि साडीच्या काठाला लाल चिखल लागलेला त्यांना अजून दिसला नव्हता. मी म्हटलं, असं कोण म्हणतं? त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. टाईप केलेला कागद होता, खाली ब्लेझची सही. ती सही मी जन्माला येताना पाहिली आहे. नववीत असताना माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या शिवणाच्या खडूने, रबरी कापडावर त्याने ती पन्नास वेळा गिरवली होती आणि शेपटाखाली दोन ठिपके कसे दिसतात म्हणून मला विचारलं होतं. मी छान दिसतात म्हटलं होतं. त्या दोन ठिपक्यांच्या वर लिहिलं होतं, ‘माझ्याकडील किल्ली मी विश्वासाने, व वयाचा मान म्हणून, माझी मावशी व संस्थेच्या संचालिका श्रीमती आपोलिना यांच्याकडे ठेवीत असे. तिजोरी रोज त्या स्वतः उघडत.’ मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. वाक्य तसंच होतं. “सावकाश सांगा,” सारिका मॅडम म्हणाल्या. “मी चहा घेऊन येते. बारा वाजता खाली तिजोरी उघडायची आहे, त्याआधी तुमचा जबाब लिहून व्हायला हवा.” त्या गेल्या. मी आणि पंखा उरलो. वयाचा मान म्हणून. मला सगळ्यात जास्त ते तीन शब्द बोचले, चोळीत राहून गेलेल्या टाचणीसारखे. कुठे आहे ते कळत नाही आणि हललं की टोचतं.

ही वरची खोली नंतर झाली. पतसंस्था सुरू झाली तेव्हा खाली एकच खोली होती, पूर्वी खोबऱ्याची वखार होती ती, आणि पहिली पाच वर्षं सगळ्या कागदांना खोबऱ्याचा वास यायचा. माझा नवरा लॉरेन्स पहिला सेक्रेटरी. तिजोरी बेळगावहून आणली. आंबोलीच्या घाटात ट्रक दोन दिवस अडकून पडला आणि लॉरेन्स धुक्यात त्या ट्रकमध्येच झोपला, तिजोरी रिकामी असूनसुद्धा. तिला दोन किल्ल्या. दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही आणि एका माणसाकडे दोन्ही असायच्या नाहीत, हा नियम. एक लॉरेन्सकडे राहणार हे ठरलेलंच होतं. दुसरी कोणाकडे यावर सभेत वाद झाला. लॉरेन्सने आपल्या मित्रांची नावं सुचवली, चांगली माणसं होती सगळी. तेव्हा मागच्या बाकावरून रापणीचं जाळं ओढणारा बाबली उठला. त्याला लिहिता-वाचता येत नसे. तो म्हणाला, “ज्येचा आणि ज्येचा पटत नाय, तेंका देवा. लॉरेनाक एक आणि दाजीक एक. दोघव एकमेकाक राखतीत.” सभा खो खो हसली. दाजी वाण्याचं आमच्या शेजारी घर, आणि कुंपणावरच्या एका फणसावरून तो आणि लॉरेन्स चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. फणस कुजून पडायचे, पण कोणी उचलायचं नाही. लोक हसले, मग हळूहळू हसायचे थांबले, आणि मग हात वर झाले. एकोणीस वर्षं ते दोघे रोज साडेनऊला त्या तिजोरीपुढे उभे राहिले. आधी लॉरेन्स किल्ली फिरवायचा, मग दाजी. संध्याकाळी बंद करताना लॉरेन्स मूठ ओढून बघायचा, आणि मग दाजी, लॉरेन्सने ओढलेली असूनसुद्धा, परत ओढून बघायचा. शब्द नाही. लॉरेन्सला कधी उशीर झाला तर दाजी तिजोरीशीच बोलायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “काय गो बाये, आज तुझो मालक निजलो काय?” माझ्या लॉरेन्सला घरी येऊन हे सांगताना किती राग यायचा, आणि रागातच किती हसायचा तो. तो गेला तेव्हा दाजी प्रेतयात्रेमागून सिमितेरीच्या फाटकापर्यंत आला, टोपी हातात घेऊन उन्हात उभा राहिला, आत आला नाही. पुढच्या महिन्यात त्याने आपली किल्ली कमिटीपुढे ठेवली. अध्यक्षांनी विचारलं, कित्याक दाजी, तब्येत बरी नाय काय? दाजी म्हणाला, “आता मी कोणाशी बोलाचा नाय?”

हे मी इतक्या वर्षांत गंमत म्हणून सांगत आले. लग्नात, फेस्ताला, पाहुण्यांना. आज पंख्याखाली बसून मला पहिल्यांदा वाटलं की ती गंमत नव्हती, आमच्याकडे असलेली ती एकमेव शहाणी गोष्ट होती, आणि ती आम्ही हसता हसता हातातून सोडली. बायकांची राखीव जागा आली तेव्हा लॉरेन्सची बायको म्हणून मला संचालक केलं, आणि लॉरेन्सची किल्लीही माझ्याकडे आली. दाजीची किल्ली मॅनेजरकडे गेली. आणि सहा वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून ब्लेझ आला. माझ्या बहिणीचा मुलगा. ती कुवेतला नोकरीला गेली आणि तो तिसरीपासून माझ्याकडे वाढला. मी त्याची मावशी आणि मादीनही. बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून मीच उभी होते. पाद्री मुलाला प्रश्न विचारतात आणि मुलाच्या वतीने मादीन उत्तर देते. सैतानाला नाकारतोस काय, त्याच्या सगळ्या कामांना नाकारतोस काय, आणि मी त्याच्या ओल्या डोक्याकडे बघत म्हटलं होतं, होय, नाकारतो. दुसऱ्याच्या नावाने दिलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं उत्तर. त्याला मॅनेजर केलं तेव्हा कोणी म्हटलं नाही की दोन्ही किल्ल्या एकाच घरात, एकाच खुंटीवर टांगल्या जातील. उलट लोक म्हणाले, बरं झालं, घरातलीच माणसं, भांडणतंटा नको. लेखापरीक्षकाने मात्र लिहिलं होतं. दोन वर्षं लागोपाठ, लाल शाईत, ‘किल्लीधारक परस्परांचे नातेवाईक आहेत, बदल करावा.’ त्याला उत्तर म्हणून एक अहवाल गेला. त्यात त्या ओळीसमोर ‘पूर्तता केली’ असं होतं. काहीच केलं नव्हतं. मी ब्लेझला विचारलं, अरे, ह्या केलंव कधी? तो म्हणाला, “मावशे, असाच लिवतत. सगळ्यो संस्था असाच लिवतत. कागद वर गेलो की विषय संपलो.” आणि मी सही केली. संपला विषय.

माझा गुडघा गेल्या वर्षी बदलला. म्हापशाला. आठ दिवस इस्पितळात, मग दोन महिने घरात खुर्चीवर पाय ठेवून. रोज तिजोरी उघडायला कोण जाणार? ब्लेझ म्हणाला, किल्ली दे माझ्याकडे, काय होतासा? किल्ली मी दिली. शिवणाच्या मशीनच्या खणातून, बटणांच्या डब्यातून काढून, लॉरेन्सच्या रुमालात गुंडाळून दिली, जणू रुमालात गुंडाळल्याने ती माझ्याकडेच राहणार होती. आणि किल्ली-रजिस्टर? त्यात रोज दोघांची सही लागते, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर ब्लेझ पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे घेऊन यायचा, काखेत रजिस्टर. मी उंडा फोडायची, तो बोटाने रकाना दाखवायचा, आणि पुढच्या सोमवार ते शनिवार मी सहा दिवसांच्या सह्या करायची. साडेनऊ वाजता उपस्थित. साडेपाच वाजता उपस्थित. इस्पितळातले आठ दिवससुद्धा नंतर मागून भरले. पानावर लोणी लागलं होतं एकदा, त्याने बाहीने पुसलं आणि म्हणाला, “बघ हां मावशे, ऑडिटर चाटून बघतलो.” किती हसलो. ते दोन महिने मी खरं म्हणजे सुखात होते. म्हातारपणी आपल्याला कोणीतरी गरम पाव आणून देतं, आपल्या पायाखाली उशी सारखी करतं, आणि आपल्याकडून फक्त सही मागतं.

त्याच दिवसांत त्याने पिशव्यासुद्धा मागितल्या. तारण ठेवलेलं सोनं ज्या पिशवीत घालून लाखेने बंद करतात त्या मांजरपाटाच्या छोट्या पिशव्या पहिल्यापासून मी शिवत आले. मशीनवर, तोंडाशी दुहेरी शिवण घालून. ब्लेझ म्हणाला, जुन्यांतल्या काही कसरीने खाल्ल्या, डझनभर दे. मशीनचं पायडल मला मारता येत नव्हतं. मी म्हटलं, थांब महिनाभर. तो म्हणाला, हातान शिव ना गो, तुका टायमपास. म्हणून मी बारा पिशव्या हाताने शिवल्या. खुर्चीवर पाय, मांडीवर मांजरपाट, समोर अंगणात वाळत घातलेली सोलं, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं तरी एकसारखा टाका. माझी हातशिलाई चांगली आहे, अजूनही. त्याच महिन्यात टाके काढायला तो मला गाडीने म्हापशाला घेऊन गेला. माझ्या पायाखाली त्याने एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता, पाय वर राहू दे म्हणून. जड होता, वळणावरसुद्धा सरकत नव्हता. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली, आत डोकावला आणि विचारलं, डब्यात काय आहे? ब्लेझ म्हणाला, “मावशेचो जुनो गुडघो, साहेब. डॉक्टराक परत देवक चल्लंव.” पोलीस हसला, मला नमस्कार करून म्हणाला, सांभाळून जा आजी. येताना डबा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, डॉक्टरांना दिला, नेवऱ्या होत्या. माझ्या घरात त्या वर्षी नेवऱ्या कोणी तळल्या होत्या? मी विचारलं नाही. मला आज पायाच्या तळव्यांना तो पत्रा जाणवतो आहे. गार, आणि वर उठलेली अक्षरं.

आणि सुगंधा. आमच्या मागच्या वाडीतली. तिची कलमं, थोडी भातजमीन, नवरा नाही. तीस वर्षं ती माझ्या मागच्या दारी येऊन बसते, कधी कोकमं, कधी अळू, आणि जगातल्या प्रत्येक माणसावर तोंड सोडते. मुलीच्या, तन्वीच्या नर्सिंगसाठी तिने सासूच्या पाटल्या तारण ठेवल्या. मालवणात मोठ्या कंपन्यांची काचेची दुकानं आहेत, झटकन काम होतं, मी तसं तिला सांगितलंही होतं. ती म्हणाली, “थंय कोणाची चावी आसा ता माका काय म्हायत? हंय तुझी आसा. तुझ्या मशीनीच्या खणात आसा. माका दिसता.” गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता फेडून ती पाटल्या सोडवायला आली. तिच्यासमोर लाख फोडली. तिने पाटली हातात घातली, मनगट फिरवून फिरवून बघितलं. तिच्या पाटलीला एक चेप होता. कालवं काढताना खडकावर पडली होती त्याचा. या पाटलीला चेप नव्हता. तिने ती काढली आणि काऊंटरवर ठेवली, फार हळू, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी. “ही माझी नाय,” म्हणाली. ब्लेझ म्हणाला, वजन बरोबर आहे बघ. ती म्हणाली, “वजन बघान काय करू? माझो हात म्हणता, माझी नाय.” सोनं नव्हतंच ते. मी तिथेच उभी होते, बऱ्या झालेल्या गुडघ्यावर. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हिचं तोंड सुटेल, आणि सुटावं असं वाटलं. ती पदर खोचून पायऱ्या उतरली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मागचं दार मी उघडं ठेवते, तिथून फक्त वारा येतो.

परवा दुपारी ब्लेझ आला होता. माझ्या पायाशी, जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, “मावशे, तू फक्त इतक्याच सांग, मी रोज येय होतंय, रिक्षान. मगे पिशवी पयल्यापासूनच तशी होती म्हणान ठरात. मंगेश सोनाराच्या अंगार जायत. त्येनाच पारख केलली ना? आपण सुटलंव.” मी म्हटलं, त्या मंगेशाक दोन चेडवां आसत रे. तो म्हणाला, “माकाव तूच आसस.” आणि मी, लॉरेन्सची बायको, मान हलवली. हो म्हटलं नाही, पण हलवली. मग तो म्हणाला, इस्पितळाचा डिस्चार्जाचा कागद खंय आसा? तो माका आणून दी, मी बघतंय त्येचा काय ता. तो कागद आज माझ्या पिशवीत आहे. त्याला द्यायला आणलेला. आणि मी इथे बसून आता एकेक टाका उसवून बघते आहे. मी रोज येत होते असं मी म्हणायचं, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या असं त्याने आधीच लिहून दिलेलं, आणि मी म्हापशात होते हे सांगणारा कागद त्याने जाळायचा. मग मंगेश कुठे राहिला? त्या खोलीत एकटी मीच उरते. त्याने परवा माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं होतं. नव्या गुडघ्यावर. डोक्याचं वजन मला अजून आठवतं आहे, आणि सारिका मॅडमच्या कागदावर तारीख आठ दिवसांपूर्वीची आहे.

जिन्यावर पावलं वाजली. मॅडम नव्हत्या, ब्लेझ होता, हातात पेला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे कानाजवळ, हे मला त्या क्षणी दिसलं.

“मावशे, चाय. साखर कमी घातलीसा.”

“ठेव.”

“कागद हाडलंस?”

“हाडलंय.”

“दी तर. बाई येतली आता.”

मी त्याचा जबाब त्याच्याकडे वळवला. त्याने वाचला नाही. काय आहे ते त्याला माहीत होतं. त्याचा चेहरा पडला नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. तो फक्त दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, “तुका काय करतले ते? वयाकडे बघून सोडून देतले. माका आत घालतले, मावशे. माका. तुका समाजता काय?”

“समाजता.”

“मगे?”

“तुझ्या आवशीन तुका माझ्या हातार दिल्यान,” मी म्हटलं, “तेव्हा पाद्रीन इचारल्यान ता तुझ्या वतीन मीच सांगितलंय. आता नाय सांगाचंय. आता तुझा तू सांग.”

तो काहीतरी बोलणार होता, पण सारिका मॅडम आल्या आणि तो भिंतीला चिकटून बाजूला झाला. त्यांच्या काठाचा चिखल धुतलेला होता. त्या बसल्या, पेन उघडलं. मी इस्पितळाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, लिहून घ्या. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे कधीच नव्हत्या. माझी एक होती, तीही मी देऊन टाकली. रजिस्टरातल्या माझ्या सह्या खोट्या आहेत; सही माझी, हजेरी खोटी. पूर्तता केली असं लिहिलेल्या अहवालावरही माझी सही आहे, आणि पूर्तता केली नव्हती हे मला माहीत होतं. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, “मॅडम, हे लिहिलं तर जबाबदारी तुमच्यावरही येईल. नुकसानीची वसुली, पद, पुढे पोलीस. समजून सांगताय ना?” मी म्हटलं, “सही करताना समजून केली नाही, म्हणून आता समजून सांगते.” त्यांनी लिहिलं. मी पूर्ण वाचलं, शब्दन् शब्द, आणि मग सही केली. मान वर केली तेव्हा ब्लेझ तिथे नव्हता. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. तो काऊंटरमागच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसला होता.

बाराला आम्ही खाली उतरलो. पंच म्हणून तारणदारांपैकी एकजण हवा होता, आणि मॅडमनी सुगंधाला बोलावलं होतं. ती आबोली रंगाचं चांगलं लुगडं नेसून आली होती, सरकारी कामाला नेसतात तसं. ब्लेझची किल्ली, म्हणजे दाजीची, मॅडमनी जप्त केलेल्या पाकिटातून काढली आणि म्हणाल्या, ही तुम्ही फिरवा. सुगंधाने ती घेतली. माझी, गुडघा बरा झाल्यावर ब्लेझने परत दिलेली, माझ्या हातात होती, रुमालाशिवाय. आम्ही तिजोरीपुढे खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो आणि तिने एकदाही मान वळवली नाही. तिच्या केसांना कोकमाचा वास होता. मी किल्ली फिरवली. मग तिने. त्या दाराने इतक्या वर्षांत आवाज बदललेला नाही. पोटातून एकदा हुंकारतं आणि सुटतं.

मॅडमनी यादी उघडली आणि विचारलं, सगळ्याच फोडाव्या लागतील का? दोनशेच्या वर आहेत. मी म्हटलं, आधी मला हात लावू द्या. डोळ्यांनी दिसलं नसतं, लाख सारखी, सह्या सारख्या. मी एकेक पिशवी उचलून तोंडाशी अंगठा फिरवत गेले. मशीनची दुहेरी शिवण कडक लागते, दोरीसारखी. हातशिलाई मऊ लागते. जिथे मऊ लागली ती पिशवी मी टेबलावर ठेवली. पहिली ठेवली. दुसरी ठेवली तेव्हा सुगंधाच्या लक्षात आलं. माझ्या मांडीवरचा तो मांजरपाट तिने तिथे बसून पाहिला होता, सुईत दोरासुद्धा ओवून दिला होता. तिसरीला ती म्हणाली, “तीन.” माझ्याशी नाही, टेबलाशी. “चार.” दार उघडं होतं आणि काऊंटरमागून ब्लेझला आकडे ऐकू जात असणार. “सात. आठ.” माझा अंगठा हुळहुळायला लागला. अकराला मी थांबले, उरलेल्या सगळ्यांवरून परत एकदा हात फिरवला आणि म्हटलं, मी बारा शिवल्या होत्या.

“बारावी वर आसा,” सुगंधा मॅडमना म्हणाली. “माझी ती.”

मॅडमनी अकरा नावं लिहून घेतली. सगळी आमच्या गावातली. प्रत्येक घराच्या मागच्या दारी मी कधी ना कधी पाणी प्यायले आहे. त्या म्हणाल्या, बंद करा. सुगंधाने आधी, मग मी, किल्ल्या फिरवल्या. मी मूठ ओढून बघितली. बसली होती. मी बाजूला झाले. मग सुगंधा पुढे आली आणि मी ओढलेली असूनसुद्धा, दोन्ही हातांनी, जोर लावून, तिने ती परत ओढून बघितली.